भाग सत्तेचाळीस

भाग सेहेचाळिसाच्या शेवटी
लैशनाला मी सेकमाई नदीच्या पुलावर उभं केलं,
हातात सायकल, चेन निघालेली,
आणि मागून कुणाची तरी हाक.
खाली लिहिलं, क्रमशः.
साडेअकरा वाजले होते. फोन उशाखाली सारला.
सकाळी इंटरनेट गेलं होतं.

पहिला आठवडा वाटलं, बरं झालं.
हाक कुणाची, ते मलाही कुठे माहीत होतं?

काकचिंग बाजारात औषधाच्या दुकानात बसते मी.
गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांवर टिपणं काढते,
रात्री अंगठ्याने लिहिते, रोमन अक्षरांत,
बोटांना तीच सवय.
आई बंगाली अक्षरांवर वाढली,
धाकटा भाऊ शाळेतून आमची मैतै लिपी गिरवून आला.
एका घरात भाषा एक, लिप्या तीन,
म्हणून माझी गोष्ट घरात कुणी वाचत नाही.
सोयीचंच होतं ते.
नावही खोटं घेतलेलं, फोटोच्या जागी कमळ.

महिना झाला.
मी रक्तदाबाच्या गोळ्या मोजते, दहा, वीस,
आणि ती तिथेच उभी, हात वंगणाने काळे.
गिऱ्हाईक विचारतं, नेट कधी?
जणू मी ते मागवून ठेवणार आहे.
तिसऱ्या महिन्यात मी पुलाकडे बघणं सोडलं.

मग एका सकाळी, संचारबंदी सुटली तेवढ्या वेळात,
मासळी घ्यायला गेले.
इबेमपिशकच्या विळीभोवती सहा-सात बायका,
पिशव्या रिकाम्या, भाव कुणी विचारत नव्हतं.
ती सांगत होती,
"...तर कंदील घेऊन मैपाकपी आली. हाक तिचीच."

मैपाकपी कोण?

"लैशनाची आई, दुसरी कोण!
तिसऱ्या भागात चहा ठेवायला आत गेली,
ती बाहेर आलीच नाही.
लिहिणारी विसरली असेल. मी कशी विसरेन?
चूल पेटती ठेवून बाई जाईल कुठे?"

मी तिला नाव दिलं नव्हतं.
दोन कप वाजवले, पडदा हलवला,
आणि लैशनाच्या मागे पळत सुटले.
त्रेचाळीस भाग ती आत बसून होती.

"तुम्ही वाचलीत ही गोष्ट?"
"मला कुठे येतात ती अक्षरं.
नात वाचायची, मी खवले काढायची.
नेट गेलं, मग नातही गेली, गुवाहाटीला, शिकायला.
म्हटलं, पोरीला पुलावर किती दिवस ताटकळवायचं?
पाय दुखत असतील."

आमच्याकडे गोष्टीला वारी म्हणतात.
ती सांगणारे पूर्वी अंगणात बसत,
समोर दिवा, ऐकणारे चटयांवर,
आणि रात्र त्यांच्या तालाने सरकायची.
हे मला ठाऊक होतं, परीक्षेपुरतं.
इथे दिवा नव्हता. ङारीचा वास होता,
आणि पाण्याच्या टोपात एक मासा अजून हलत होता.

"पुढे?" मी विचारलं.
तिने अर्धा किलो तोलून पानात बांधला.
"उद्या ये. आणि ती लिहिणारी कधी भेटली तर सांग,
चेन मी बसवलीय."

मी पैसे दिले. सुटे नव्हते,
वीस रुपये तिच्याकडे राहिले.

नेट परत आलं तेव्हा फोन तासभर थरथरत होता.
कुठे आहेस? जिवंत आहेस ना? हाक कुणाची?
मी नवं पान उघडलं.
'भाग सत्तेचाळीस' लिहिलं.
लिहिलं, चूल अजून पेटती होती.
मग मैपाकपीचं नाव, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा बरोबर.

पुढचं मला माहीत नाही.
बाजार सहाला उघडतो.