पान एकशे बारा

भुसावळ स्टेशनात, तीन नंबरच्या फलाटावर
साडेअठरा रुपयांना घेतली होती ती कादंबरी.
गाडी दीड तास लेट होती, म्हणून घेतली.
उतरायचं होतं सावद्याला,
उतरले निंभोऱ्याला.
परत येताना टेम्पोत, केळीच्या घडांना टेकून
पुढची चाळीस पानं.

पहिल्यांदा मागितली फेगडेबाईंनी.
दोन दिवसांत देते म्हणाल्या.
दोन दिवसांनी ती त्यांच्या जावेकडे होती,
पोळ्याला फैजपुरात,
दिवाळीत यावलच्या कंपाउंडरच्या टेबलावर.
त्याने आत एक चिठ्ठी विसरली:
दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.
पुढच्या सगळ्यांनी ती सूचना
कादंबरीचीच समजली.

सुभान तडवी रात्री वॅगनी भरायचा,
दिल्लीला जाणारा माल.
एक वॅगन भरली, दुसरी लागायची होती,
तेवढ्यात बत्तीखाली बसून
तो एकशे बाराव्या पानावर पोचला
आणि हात पुसायचं विसरला.

केळीचा चीक आधी दिसतच नाही.
पाण्यासारखा असतो.
दुसऱ्या दिवशी तांबूस,
मग काळा,
मग जन्माचा.
सदरा असेल तर शेतात घालायला काढतात.
पुस्तकाचं काय करणार?
एक अख्खा अंगठा, खाली ओघळ,
बरोबर 'गाडी सुटली' या दोन शब्दांवर.

कारण त्या पानावर ती गाडी सोडून देते.
ट्रंक आत गेलेली असते,
तो दारातून हात पुढे करतो,
आणि ती फलाटावरच उभी राहते.
का, ते लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही.
आमच्याकडे त्यावरून दोन तट पडले होते,
एका साखरपुड्यात तर जेवणं थंड झाली.

समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने लिहिलं:
बस ना वं माय!
त्याखाली निळ्या शाईत, ठसठशीत:
बसली असती तर पुढची दोनशे पानं
तू काय वाचली असती?
आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात:
मी पण नाही बसले.

ते अक्षर मला अजून सापडलेलं नाही.
रेशनच्या दुकानात, बचतगटाच्या वहीत
मी बायकांच्या सह्या बघत असते.

नऊ वर्षांनी आली परत.
मृगबागेची कापणी चालू होती.
सिमेंटच्या गोणीचा कागद लावलेला,
पाठीला सुतळीची शिवण.
घेऊन आला सुभानच,
फिरत फिरत दुसऱ्यांदा त्याच्याकडे गेली होती म्हणे.
"बाई, डाग माझा हाय. भरून देतो."
खिशातून वीस रुपये काढले,
घडी चार वेळा घातलेले.
मी विचारलं, पुन्हा वाचली का?
तर खाली बघून म्हणाला,
"मले वाटलं, यंदा बसंल."

नोट त्याच्याकडेच राहिली. पुस्तकही.
त्यानंतर कुठे गेली ते माहीत नाही.
शिरपूरच्या एका डेपोत कुणी पाहिली म्हणतात.

गेल्या वर्षी नवी आवृत्ती मागवली.
गुळगुळीत, पांढरी, अक्षर मोठं,
पान बदललेलं, आता एकशे सदतीस.
गाडी सुटली,
आणि त्या शब्दांवर काहीच नाही.
मला वाटलं, छापायचं राहून गेलं.
पुढे वाचवेना. कपाटात ठेवली.

काल दिवेलागणीला दारात हर्षाली,
सपकाळ्यांची, पॅकहाऊसमध्ये फण्या धुते.
"मावशी, ते गाडीवालं पुस्तक
तुमच्याकडे आहे म्हणे."
बोटांच्या पेरांत चीक होता,
अजून पाण्यासारखा.

हात धुऊन ये, असं ओठांवर आलं होतं.
निदान पिशवीत घालून द्यावं, म्हणून वळले.
पिशवी खुंटीलाच होती.

तसंच दिलं.