सकाळचे तीन सेकंद

सकाळी पहिल्यांदा किल्ली फिरवली
की तीनच सेकंद वाजते,
पत्र्याच्या डब्यात कुणी चणे हलवावेत तशी.
मग तेल वर चढतं आणि ती गप्प.
"म्हणून तर कुणाचा विश्वास बसत नाही,"
हर्डीकरबाई म्हणाल्या,
"शोरूमवाले दुपारी ऐकतात."

मी म्हटलं, रात्रभर ठेवून जा.
थंड होऊ दे.

जग्वार. नव्याण्णवची. पिकल्या जांभळाचा रंग.
डॉक्टरांनी हौसेनं घेतलेली,
पण महूच्या पलीकडे क्वचितच गेलेली.
मालवा मिलच्या मागे, माझ्या गॅरेजात उभी राहिली
तेव्हा शेजारच्या टेम्पोनं पोट आत घेतलं.

सकाळी अण्णा आले, रोजच्यासारखे,
काठी टेकत, पेपर काखेत.
अण्णांना ऐकू येत नाही.
तीस वर्षं विणाईखात्यात जॉबर,
दोनशे मागांच्या मध्ये उभे राहून
कान तिथंच ठेवून आले.
मिल बंद झाली. देण्याघेण्याच्या हिशेबात
कानांची बाबच नव्हती.

नौशादनं किल्ली फिरवली.
अण्णांनी इंजिनवर पंजा ठेवला,
मागावर ठेवायचे तसा, सूत तुटण्याआधी.
"डावी," म्हणाले.
"आतून काहीतरी फाटून राहिलंय."

चौदा बोल्ट. झाकण निघालं.
साखळी, सायकलच्या चेनची श्रीमंत मावसबहीण,
तेलात न्हालेली,
आणि तिला ताणून धरणारा अंगठ्याएवढा तुकडा
प्लास्टिकचा!
एवढी चामड्याची गादी, अक्रोडाचं लाकूड,
आणि सगळा भार ह्या पिवळ्या पडलेल्या जिवावर.
अंगावर केसाएवढी चीर.
अजून एखादा हिवाळा,
मग साखळी दात चुकवते,
झडपा पिस्टनवर आपटतात
आणि तीन सेकंदांचे लाखभर होतात.

नवे धातूचे आलेत, कुरियरनं.
साखळी हलू नये म्हणून
सियागंजातल्या दोन रुपयांच्या केबल टायनं
चक्राशी बांधली.
(पुस्तकात यासाठी खास हत्यार लिहिलंय.
त्याच्या किमतीत नौशादचा निकाह होईल.)

दुसरा बोल्ट त्याच्या बोटांतून निसटला.
टक्. टक्.
मग काहीच नाही.
असं काहीच नाही मी एकदाच ऐकलंय,
भोंगा वाजला नाही त्या सकाळी.

जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून
पाऊण तास गळ टाकून बसलो,
यशवंत सागरावर बसतात तसे.
नौशाद पांढराफटक.
हर्डीकरबाई खुर्चीवर, पर्स मांडीवर, गप्प.
बोल्ट वर आला तेव्हा
टाळी त्यांनीच वाजवली. एकच.

अण्णा नव्या टेन्शनरचा खटका
अंगठ्यानं दाबत होते, सोडत होते.
"ओढ किती ठेवणार?"
मी म्हटलं, ते तेल ठरवतं.
ऐकू आलं नाही.
मग टेम्पोच्या काचेवरल्या धुळीत बोटानं लिहिलं: तेल.
त्यांनी दोनदा वाचलं.
"ताणा हाताला विचारतो," म्हणाले,
"तेलाला काय कळतं?"
आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

उजवी बाजूही बदलली.
जोडीनंच म्हाताऱ्या झालेल्या.

जुने तुकडे बाईंनी मागून घेतले,
रुमालात गाठ मारून.
मला वाटलं, डॉक्टरांची आठवण.
"छे," म्हणाल्या, "शोरूममध्ये टेबलावर ठेवणार आहे.
दुपारच्या वेळीच."

दुसऱ्या दिवशी, सहा वाजता,
अंगावर शाल, तोंडातून वाफ.
किल्ली.
आम्ही तिघं श्वास धरून.
एक.
दोन.
तीन.

अण्णांचा पंजा इंजिनवर, तसाच.
कपाळाला आठी.
"अरे, लाव ना किल्ली," ओरडले,
"किती वेळ उभं करून ठेवशील?"