सहा खुंट्या

डुलूथला जानेवारीत दुकानाचं दार उघडलं
की आधी सरोवरावरचा वारा आत येतो, मग माणूस.
वेंडेल किल्पेला आला तो डाव्या काखेत पेटी घेऊन,
उजवा हात कोटाच्या खिशात.

"लगेच उघडू नकोस," मी म्हणाले,
"बाहेर उणे बावीस आहे. तडकेल वरचा रंग.
लाकडाला जरा घरात येऊ दे."
मग अर्धा तास आम्ही दोघं
एका गिटारीची थंडी उतरायची वाट पाहत बसलो.
कॉफी त्याने डाव्या हाताने प्यायली.

चाळीस वर्षं याने गोदीवर
लोहखनिजाच्या वाघिणी रित्या केल्या,
आणि शनिवारी रात्री, माजी सैनिकांच्या हॉलमध्ये,
जोडप्यांना घाम फुटेस्तोवर पोल्का.

"सूर राहत नाही," तो म्हणाला.
"दांडी दाबली की तार खाली जाते ती परत येतच नाही.
कुलपाच्या खुंट्या बसव. तार कचकन धरून ठेवतात त्या."

मी काउंटरवर हिरवं फेल्ट पसरलं.
जर्मन जोड आधी ठेवला, कारण तो मला आवडतो:
खुंटी अठरा वेळा फिरवावी तेव्हा खांब एकदा फिरतो,
इतका सावकाश, की सूर जिना चढत नाही, उतारावरून चालत येतो.
मागे नाण्याच्या कडेएवढं बारीक चाक.
दुसरा हलका, जुन्याच भोकांत बसणारा, स्क्रू-ड्रायव्हरने आवळायचा.
कोरियन जोड मी डब्यातच ठेवला होता.

पण खोटं कसं बोलू?
"खुंटीचा दोष नाही, वेंडेल. तुझी तार नटमध्ये अडकतेय,
या हाडाच्या पट्टीत."
मी शिसपेन्सिल खाचेतून दोनदा फिरवली,
दांडी दाबली, सोडली.
सूर जिथला तिथे.
"झालं. पैसे नकोत."

त्याने मान हलवली.
"माझा बापही पेन्सिलच लावायचा."

मग उजवा हात खिशातून काढून
त्याने फेल्टवर ठेवला.
कुणी छेडला नव्हता,
तरी तो थरथरत होता.

"वाजवायला अडचण नाही.
पोल्काला तर उलट बरंच आहे.
पण तार ओवायची, तीन वेढे, एकावर एक न चढवता...
ऑगस्टपासून जमत नाही.
गेल्या शनिवारी तुटली. आर्डिस वर आली स्टेजवर,
चष्मा घरी राहिलेला तिचा,
आणि ओवत बसली सगळ्यांसमोर.
कुणी हसलं नाही गं.
तेच लागलं."

माझी सवय अशी, की खुंटा हलवून बळकट करायचा.
डॉक्टर काय म्हणाला, गोळ्या कुठल्या, सगळं विचारायचं.
त्या दिवशी हलवला नाही.
डबा उघडून तिसरा जोड बाहेर काढला.

आता अठरा दात, वजन, चकाकी, सगळं बाजूला.
प्रश्न एकच, कुठलं चाक या अंगठ्याला ऐकतं?
जर्मन चाक निसटलं. पुन्हा निसटलं.
स्क्रूची खाच तर त्याला सापडेचना.
कोरियन चाक जाड, ओबडधोबड, कडेला खरखरीत दाते,
लोणच्याच्या बरणीच्या झाकणाचं धाकटं भावंडं.
ते फिरलं.

"याला मोठी भोकं लागतात," मी म्हणाले.
"एकाहत्तर सालची मान आहे. किंमत उतरेल."
"मला कुठे विकायचीय?"

ड्रिल नाही लावलं. रीमर हाताने फिरवला,
सहा भोकं, दुपार सगळी.
मेपलचा पिवळसर भुगा माझ्या बाह्यांवर.
पाच तारा मी चढवल्या.
सहावी त्याने ओवली, ओढली,
चाक आवळलं, आणि पक्कड मागितली.

वेढे नसले की तारेचं शेपूट बरंच लांब निघतं.
त्याचं त्याने भेंडोळं केलं, खिशात टाकलं.
हात बाहेरच ठेवला.