कारणाचा रकाना

जूनमध्ये पुंता अरेनासला
उजाडतं दहाच्या सुमारास.
शाळेची घंटा आठची.
मधले दोन तास कुणाचे,
हे कुणी कधी ठरवलंच नाही.

मी फाटकाशी बसते, हीटरला पाय टेकवून,
उशिराची वही मांडीवर.
नाव, वर्ग, मिनिटं, कारण.
एकोणीस वर्षं कारणाच्या रकान्यात
मी 'आळस' लिहीत आले.
सोपा शब्द. तीन अक्षरांत आटोपतो.

येर्को बार्रिया, दहावी ब, सत्तावीस मिनिटं.
वाऱ्यानं आडवं पाडू नये म्हणून
रस्त्याकडेला बांधलेला दोर धरधरून आलेला,
तळव्यावर त्याचा लाल वळ.
आळस ना, मी विचारलं. लिहायलाही लागले होते.
तो म्हणाला, नाही, सेन्योरा एदेल्मिरा,
डोळा लागतो तीनला.
तोवर काय करतोस?
छत बघतो.
छतावर काय आहे?
काही नाही. तेच बघतो.

पेन हातातच राहिलं.

मग मी पट्टीनं एक रेघ ओढली,
नवा रकाना पाडला: डोळा कधी लागला.
कुणाला विचारलं नाही. वही माझी, पट्टी माझी.

दानित्सा: एकला. पुन्हा चारला जाग.
"छातीत एक बस येऊन थांबते, सेन्योरा,
इंजिन चालूच, पण निघत नाही."
धाकटा मान्सिया: दोनला, फोन उशाखाली.
कुणी काही पाठवेल म्हणून.
पाठवलं का?
मान हलवून तो वर्गाकडे गेला,
दप्तराची चेन उघडीच.

ऑगस्टमध्ये वही दोन रोदोल्फोंच्या टेबलावर ठेवली.
ते म्हणाले, आमच्या वेळी आम्हीही पेंगायचो.
हो, मी म्हटलं, आणि बघा.
ते हसले नाहीत.
बसवाल्यांचा करार मार्चपर्यंत,
घंटा हलणार नाही.
गणित तेवढं सरकलं तिसऱ्या तासाला,
आणि दर गुरुवारी मानसोपचाराच्या बाई येऊ लागल्या,
नकाशांच्या खोलीत, जिथं दार लागत नाही.
येर्को दोन गुरुवार गेला. तिसऱ्याला नाही.
चौथ्याला दाराबाहेर बराच वेळ उभा होता,
मग आत.

माझ्या पोराला मी ओल्या फडक्यानं उठवायची.
थंडगार, तोंडावर. ऐदी म्हणायची.
आता तो उत्तरेला, खाणीत, रात्रपाळीला.
परवा फोनवर विचारलं:
तेव्हा तुला झोप लागायची का रे?
बराच वेळ नुसता वारा ऐकू येत राहिला,
इकडचा की तिकडचा, कळेना.
मग तो म्हणाला, जेवलीस का?

आज सव्वाआठ. बाहेर मिट्ट काळोख,
सामुद्रधुनीवर एका बोटीचा दिवा तेवढा.
दोर हलतोय, म्हणजे कुणीतरी येतंय.
फाटक मी सताड उघडं ठेवलंय,
हीटरची सगळी ऊब रस्त्यावर चाललीय.
गॅसचं बिल आलं की
दोन रोदोल्फो बोलतील.
कारण विचारतील.