रकाना अकरा

अबेओकुटाच्या गंजक्या पत्र्यांच्या उतरणीवर
शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर
मोरेनिके विम्याचे दावे तपासते.
चेमटलेले बंपर, बुडालेलं गोदाम,
लागोसमधल्या कुणाची तरी मोडलेली करंगळी.
पाठीला फडक्याने बांधलेलं नऊ महिन्यांचं पोर
तिच्या मानेवर लाळ गाळत झोपलेलं.

कंपनीने आधी खुर्ची पाठवली.
काळी, फिरती, कमरेला आधार देणारी,
सोबत पत्र: पाठबळ योजना, टप्पा पहिला.
पण पाठीवर पोर असताना
पाठ टेकायची कशी?
त्या खुर्चीत आता इस्त्रीचे कपडे बसतात,
आणि कधी सासूबाई, एक गिरकी घेऊन बघायला.

वीज जायची.
खाली शिंपी जनरेटर ओढायचा,
दोरी तीनदा, शिवी एकदा.
दिवसाचे चाळीस दावे, मग सत्तावीस, मग एकोणीस.
पडद्यावर तिचं नाव तांबडं व्हायचं.
रेंज नसली तरी
तेवढं तांबडं मात्र वेळेवर पोचायचं.

मार्चमध्ये अरितबाईंचा फोन आला.
नव्या साहेबीण, कलाबारच्या, आवाज घोगरा.
आकडा विचारला नाही. म्हणाल्या,
तुझ्याकडे वीज येते किती वाजता?
मोरेनिकेला आधी कळेचना, ही कसली चौकशी.
रात्री अकराला, ती म्हणाली. कधी पहाटे तीनला.
मग तीच तुझी कचेरीची वेळ.
सकाळच्या हजेरीचं मी बघते.

आठवड्याने टेम्पोतून बॅटरी आली.
दोघांनी धापा टाकत जिना चढवली,
शिंप्याने उगाचच तिच्यावर टेप धरून पाहिली.

एवढंच झालं.
सासूबाई तशाच कुरकुरतात, पोराला दात येताहेत,
रात्री दोनला गल्लीत एकच खिडकी उजेडात असते
आणि सकाळी भाजीवाली म्हणते, डोळे बघ तुझे.
दावे मात्र त्रेचाळीस.

आज हा फॉर्म आलाय.
रकाना अकरा: घरून काम केल्याने
आपली कामगिरी सुधारली का?
एक ते पाच यांतला आकडा लिहा.

तिला बोसेडे आठवते.
जानेवारीत नोकरी सोडली तिने.
तिच्या वाट्याला खुर्चीच आली होती फक्त.
तिचा आकडा कुठल्या रकान्यात धरणार?
आणि वीज कधी येते, हे विचारण्याला
किती गुण?

ती चार लिहिते.
खांद्यावरून एक मूठ येते,
ओलसर, बिस्किटाने चिकट.
चव्वेचाळीस.

फॉर्म म्हणतो, उत्तर ग्राह्य नाही.