शेवटचा स्पर्श

हॅलिफॅक्सच्या ह्या गिरणीत पूर्वी गालिचे विणायचे.
आता तिसऱ्या मजल्यावर आम्ही माणसं जुळवतो:
कोण आलं, कुठून आलं, कशामुळे घेतलं.
आई ह्याला नसत्या चौकशा म्हणाली असती,
इथे त्याचा पगार मिळतो.
कंपनी जिन्याला लावायच्या खुर्च्या विकते,
बटण दाबलं की कठड्याकडेनं बसल्याबसल्या वर.

नोव्हेंबरपासून एक जण येत होतं.
नाव नाही. सात-एफ-तीन-सी-नऊ, एवढंच.
मी मनात बाई ठरवून टाकली,
पुरावा काही नव्हता.
रात्री तीन दहा. तीन चाळीस. एकदा पहाटे पाच.
‘अरुंद जिने’ ह्या पानावर अकरा मिनिटं,
किमतीच्या पानावर चार सेकंद,
चटका बसल्यासारखी परत.

एकदा शोधायच्या चौकटीत तिनं लिहिलं,
दोघं एकदम बसू शकतात का
उत्तरं शून्य. ह्या शब्दांचं पान आमच्याकडे नाही.

फॉर्म तीनदा अर्धवट टाकला.
‘कोणासाठी?’ यादीतून दरवेळी ‘पतीसाठी’.
पोस्टकोडाच्या रकान्यापाशी यायची
आणि उंबऱ्यावरून माघारी.

मग जानेवारी सगळा कोरा.
आमची कुकी नव्वद दिवस जगते,
नंतर त्या पावलांना कुणी वाली नाही.

शहाऐंशीव्या दिवशी, भरदुपारी,
त्याच टॅबलेटवरून तिनं फॉर्म तडीस नेला.
एनिड हॉल्ड्सवर्थ. सॉवरबी ब्रिज. फोन, ईमेल.
आणि एकतीस बेनाम रात्री
सांडलेल्या टाचण्या चुंबकाला लागाव्यात तशा
त्या नावाला येऊन चिकटल्या.
‘कोणासाठी?’
‘स्वतःसाठी’.

मी चहा करायला उठले. उठले आणि परत बसले.

ग्लिनिसचा निरोप: हॉल्ड्सवर्थचं श्रेय कोणाला?
फेसबुकवाले म्हणतात, पहिला स्पर्श आमचा.
सर्चवाले म्हणतात, शेवटची क्लिक आमची.
नियम शेवटच्याचा आहे. शंभर टक्के देऊन टाकले.
जानेवारीसाठी तक्त्यात जागा नाही,
असती तरी मी काय भरणार होते?
तो गेला असेल. किंवा त्याची खाट
खालच्या खोलीत हलवली असेल,
आणि आता हिचेच गुडघे बोलत असतील.

गुरुवारी बसवणाऱ्या नाइजेलची नोंद आली.
तेरा पायऱ्या, डावीकडे वळण, काम पूर्ण.
खाली, वेगळ्या ओळीत:
कठड्यावर पुरुषाचा कोट होता. काढू का, विचारलं.
नको म्हणाल्या, त्याला धक्का न लावता बसवा.
पाऊण तास जास्त लागला.
बिलात धरू नये.