चलनाचा स्थिरांक

बाहेर उणे अडतीस. आत, चुलीपाशी, अठरा.
फरक छप्पन्न, तुगुल्दुर लिहितो,
एकाच हाताचा मोजा काढून.

उष्णता पळते या फरकाच्या समचलनात
आणि नमद्याच्या जाडीच्या व्यस्त.
गेरच्या भिंतीचा नमदा तो बोटाने मोजतो:
जेमतेम एक पेर.
दोन पेरं झाला, तर आठवड्याची
सहा पोती कोळसा तीनवर येईल.
नमद्याचा भाव मात्र
उदाहरणात दिलेला नाही.

पहाटे चारला आई बेकरीतून परतते.
दार उघडतं, आणि रात्रभर राखलेली ऊब
उलानबातरच्या धुरात निघून जाते.
‘दाराला सूत्रात कुठे बसवू?’ तो विचारतो.
‘मग मी बाहेरच राहू का?’ म्हणत ती
पिठाच्या हातांनी चुलीत दोन ढेकळं टाकते.

धाकटी खोंगोरझुल कुरकुरते.
मग तिघं एकाच रजईत.
उघडं क्षेत्रफळ घटलं;
हेही समचलन, त्याच्या ध्यानात येतं,
पण वही लांब राहिली आणि उठवत नाही.

राहता राहिला स्थिरांक.
पुस्तक म्हणतं, तो ज्या त्या भिंतीचा वेगळा,
अनुभवानेच काढावा लागतो.

भिंतीवर बापाचा मेंढीच्या कातड्याचा डगला.
बाप दक्षिणेत, खाणीवर, ट्रक चालवतो;
तिथे याहून जाड दिला म्हणे.
तुगुल्दुर झोपेतच हात लांबवून
डगल्यावर तळवा टेकवतो.

तेवढी हातभर भिंत
गार लागत नाही.